रिकामी बैठक

आमच्या नदीवर आठवडे माणसांच्या नावाने ओळखले जातात. जूनचा दुसरा आठवडा लिंडसे भावांचा, ऑगस्टचा शेवटचा ॲबर्डीनच्या वकिलांचा, आणि सप्टेंबरचा शेवटचा गेडिससाहेबांचा. सोमवारी सकाळी मासे धरायच्या काठ्या पाण्यावर जातात, शनिवारी संध्याकाळी उतरतात. रविवारी सॅमनवर गळ टाकायला कायद्यानेच बंदी आहे. एकदा आठवडा मिळाला की माणूस तो मरेपर्यंत सोडत नाही. तो गेला की पहिल्या वर्षी घरच्यांना विचारायचे, आणि ते नको म्हणाले तरच रांगेतल्या पुढच्या माणसाला कळवायचे, अशी इथली रीत आहे.

हेक्टर गेडिस गेल्या वर्षी त्यांच्याच आठवड्यात, शुक्रवारी, सर्वांत वरच्या डोहात बुडाले. नदी चढलेली होती. मी त्या वेळी खाली पुलाजवळ त्यांच्या मित्राबरोबर होतो. शोध थेट नदीच्या मुखापर्यंत झाला. खाडीच्या चिखलात त्यांची टोपी मिळाली, दुसरे काही मिळाले नाही. तेव्हा यंदा घरच्यांना विचारावे की विचारू नये, असा प्रश्न होता. रीत म्हणून विचारले. त्यांच्या पत्नी युनाबाईंनी कळवले की त्या स्वतः येतील, काठी घेऊन.

मी नदीच्या या पट्ट्यावरचा घिली. आलेल्या माणसाला मासा कुठे आहे ते दाखवायचे, काठीच्या दोराला पिसांची कोणती माशी बांधायची ते सांगायचे, लागलेला मासा झोळीत घ्यायचा, आणि माणूस धड परत पाठवायचा, हे घिलीचे काम.

रविवारी संध्याकाळी युनाबाईंना त्यांची मुलगी मारसाली इन्व्हरनेसहून घेऊन आली. मारसालीला मी ती इथल्या वाळूत किल्ले करायची तेव्हापासून ओळखतो. सामान उतरवताना तिने मला गाडीमागे बोलावले. आईने तीस वर्षांत काठीला हात लावला नव्हता, ती म्हणाली. बाबा नदीवर असताना ही लॉजमध्ये बसून विणायची. आणि आता सगळा हिवाळा घरामागच्या मैदानात, बर्फात उभी राहून दोर फेकायला शिकली. कशासाठी, ते सांगत नाही. विचारले तर चहा करायला उठते.

"मग आणलंसच कशाला?" मी म्हणालो.

"मी नसतं आणलं तर बसने आली असती." ती लॉजच्या खिडकीकडे पाहत होती. "टॉर्किल, तिला गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नका. मासा मिळाला नाही तरी चालेल. मला शनिवारी आई कोरडी परत हवी आहे."

मी शब्द दिला. युनाबाईंना मी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट काढून दिले. छातीपर्यंत येणाऱ्या रबरी विजारी, गेडिससाहेबांची जुनी धरून, कोठीत टाकून कुलूप लावले आणि किल्ली खिशात ठेवली. युनाबाईंनी बूट घालून पाहिले आणि बरोबर बसतात एवढेच म्हणाल्या.

या आठवड्याची दुसरी काठी नेहमीप्रमाणे डॉक्टर ऑगल्व्हींची होती. डॉक्टर म्हणजे गुरांचे, आता निवृत्त. गेडिससाहेबांचे मित्र, त्यांच्याबरोबर ते वीस वर्षे येत होते. डॉक्टरांना शांतता सोसत नाही. तुझ्यापेक्षा माझ्या गाई जास्त बोलायच्या, हे ते मला दर वर्षी सोमवारच्या न्याहारीला ऐकवतात. त्यांचा दुसरा विनोद उवांचा. सॅमन समुद्रातून नदीत शिरतो तेव्हा त्याच्या अंगावर समुद्री उवा असतात, मसुराएवढ्या, तपकिरी, मागे दोन लांब पांढऱ्या दोऱ्यांसारख्या शेपट्या. गोड्या पाण्यात आधी शेपट्या झडतात आणि एक-दोन दिवसांत उवाही गळून पडतात. म्हणून खालच्या पट्ट्यांवर उवा असलेला मासा मिळाला की लोक खूश होतात, हा ताजा, आजच समुद्र सोडलेला. आमचा पट्टा समुद्रापासून फार आत आहे, मधे दोन धबधबे आहेत. इथे पोचायला माशाला आठवडे लागतात. इथे उवा असलेला मासा ना माझ्या वडिलांनी पाहिला, ना मी. त्यामुळे डॉक्टरांनी लॉजच्या कपाटात व्हिस्कीची एक जुनी बाटली ठेवून दिली आहे. मला या पट्ट्यावर उवा दाखवील त्याची, असे ते म्हणतात. बाटलीवर धूळ आहे.

पट्ट्यावर डोह पाच. खालून वर: पुलाचा डोह, विणकरणीचा, पाद्र्याचा, लांब डोह, आणि धबधब्याखाली कढई. पाणी चहाच्या रंगाचे, पण उन्हात तळ दिसतो.

सोमवारी युनाबाईंनी पुलाचा डोह मागितला. नवख्या माणसाला तो सोपा, मलाही बरे वाटले. त्या काठावर तयारी करत होत्या तेव्हा मी पुलावर जाऊन, चकाकी घालवणारा चष्मा लावून, मासे कुठे आहेत ते पाहिले. हे मी रोज करतो.

सॅमन नदीत कुठेही थांबत नाही. त्याच्या बैठका ठरलेल्या असतात. अमुक दगडाच्या मागे, तमुक कपारीखाली, पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागा. चांगली बैठक रिकामी राहत नाही. तिथला मासा धरला तर दुपारपर्यंत दुसरा येऊन बसतो. पुलाच्या डोहात मधल्या चपट्या दगडामागची बैठक सर्वांत चांगली. ती त्या सकाळी रिकामी होती. मासे होते, भरपूर होते, सगळ्यांची तोंडे प्रवाहाच्या वरच्या अंगाला. पण ते दोन्ही बाजूंना दाटीवाटीने उभे होते, एकमेकांना घासत, आणि मधली जागा मोकळी सोडलेली होती. ती मोकळी जागा एका सॅमनला लागते त्यापेक्षा बरीच लांब होती.

पुराने तळाचा एखादा दगड सरकला की प्रवाह बदलतो. तसेच काही असेल असे मी धरून चाललो.

युनाबाईंचा दोर बरा पडत होता. घाई नव्हती, हातात जोर नव्हता, पण वेळ बरोबर साधत होत्या. दिवसभरात मासा लागला नाही. गुडघ्यापर्यंत पाणी येईल इतक्याही त्या उतरल्या नाहीत. मधूनमधून त्या दोर गुंडाळून नुसत्या पाण्याकडे पाहत उभ्या राहत. मी त्यांना मोकळी जागा दाखवली नव्हती. पण त्या नेमक्या तिकडेच पाहत होत्या.

मंगळवारी न्याहारीला मी बोलायच्या आधी त्यांनी विणकरणीचा डोह मागितला. डॉक्टरांनी लगेच खालचा डोह पत्करला आणि वर म्हणाले की युनाला डोहांची नावे पाठ आहेत, हेक्टरने घरी दुसरे काही बोललेच नसणार. युनाबाई हसल्या. हेक्टर झोपेतसुद्धा नदीवरच असायचा, त्या म्हणाल्या.

जाताना मी पुलावर थांबलो. चपट्या दगडामागे एक मोठा तांबूस नर बसला होता, मागे दुसरा. बैठक भरली होती. दाटीही नव्हती. विणकरणीच्या डोहावर उंच काठ आहे, तिथून पाहिले. मधली बैठक रिकामी, मासे दोन्ही बाजूंना चेपलेले. तीच लांबी.

दुपारी नदीकाठच्या लाकडी खोलीत जेवताना मी डॉक्टरांना सांगितले.

"पाणमांजर असेल," ते म्हणाले. "रोज एक डोह वर सरकत असेल. शहाणं जनावर आहे, तुझ्यासारखं हिंडत नाही बसत."

पाणमांजर आले तर मासे डोह सोडतात, जागा सोडून रांगेत उभे राहत नाहीत. हे डॉक्टरांनाही ठाऊक होते. त्यांनी ओटच्या बिस्किटावर चीज ठेवले आणि बोलणे गुरांच्या बाजारभावांवर नेले.

बुधवारी पाद्र्याचा डोह. युनाबाईंनीच मागितला. रिकामी जागा तिथे होती, आणि विणकरणीच्या डोहात नव्हती. मी आता ती पाहूनच खाली उतरत होतो.

त्या दिवशी युनाबाईंना मासा लागला. कडेला चेपलेल्यांपैकी एक, फार मोठा नाही. काठी वाकली, रीळ किंचाळले, आणि त्यांनी मी सांगेन तेवढेच केले. धावाधाव नाही, ओरडणे नाही. मासा थकून उथळ पाण्यात आला तेव्हा मी झोळी खाली घातली आणि गळ काढला. इथे धरलेला प्रत्येक सॅमन परत सोडतात. सोडायचे मी त्यांना शिकवले, कारण ते ज्याचे त्याने करायचे असते.

काठाशी गुडघे टेकायचे. एका हाताने शेपटीच्या अलीकडची निमुळती जागा धरायची. तिला आम्ही मनगटच म्हणतो, कारण हातात ती तशीच येते. दुसरा हात पोटाखाली. माशाचे तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी कल्ल्यांतून जाते. आणि मग वाट पाहायची.

"कधी सोडायचं?" त्यांनी विचारले.

"आपण सोडायचं नाही. तो जाईल तेव्हा जाईल."

"त्याला कसं कळतं?"

"अंगात जीव आला की झटका देतो. तुम्हाला हातात कळेल."

"आणि आधीच सोडलं तर?"

"उलटा होतो. पोट वर. पाणी घेऊन जातं त्याला."

मी मागे सरलो. हाही नियम आहे. कुणाच्या हातात मासा असेल तर जवळ जायचे नाही, बोलायचे नाही, वरच्या अंगाला पाण्यात पाय घालायचा नाही. गाळ उठतो, मासा बिचकतो, दमलेला मासा बिचकला की मरतो. घिलीच्या पोराला चालायच्या आधी हे शिकवतात. मी उभा राहिलो. युनाबाई खूप वेळ तशाच वाकून होत्या, मान खाली, डावा हात पाण्यात. मग शेपूट हलली आणि मासा गेला. त्या तरीही थोडा वेळ हात पाण्यातच ठेवून बसल्या.

डॉक्टर खालून काठी खांद्यावर टाकून आले. "उवा होत्या का?"

"नव्हत्या," मी म्हणालो.

"मग बाटली माझीच."

"हेक्टर किती वेळ धरायचा?" युनाबाईंनी विचारले.

डॉक्टरांनी काठी खाली टेकवली. मग म्हणाले की हेक्टरइतका वेळ कुणीच धरत नसे. मासा केव्हाच तयार झालेला असायचा, आम्ही चहा घेऊन थंडीत कुडकुडत उभे, आणि हा अजून धरूनच. त्याच्या हातचा एकही मासा मेला नाही.

"मला माहीत आहे," युनाबाई म्हणाल्या.

त्या रात्री डोंगरात पाऊस झाला. गुरुवारी नदी फूटभर चढली होती आणि गढूळ होती. काठाच्या लाल फळांच्या झाडांची पाने पाण्यावरून वाहत होती, समोरच्या उतारावर हरणांचे नर घसा फोडून ओरडत होते. लांब डोहात तळ दिसत नव्हता, त्यामुळे रिकामी जागा होती की नव्हती ते मी सांगू शकत नाही.

मी सोबत काठावरच होतो. दुपारी युनाबाईंचा दोर थांबला. तळाला अडकला असे मला वाटले. मी काठी माझ्या हातात मागितली, त्यांनी दिली नाही. दोर ताणलेला होता, पण झटका नव्हता, थरथर नव्हती. मग तो चालू लागला. वरच्या अंगाला, चढलेल्या पाण्याच्या विरुद्ध, सावकाश. पाण्यातले ओंडके खाली जातात. मासा लागला की धावतो, डोके झटकतो, थांबतो. हे एकाच चालीने जात होते. युनाबाई रीळ न फिरवता काठाने त्याच्याबरोबर चालत गेल्या, लांब डोह संपेपर्यंत. तिथे दोर सैल पडला. मी तो ओढून घेतला. माशी जागेवर, गाठ जागेवर, गळाचे टोक धड.

"मोठा होता," मी म्हणालो, काहीतरी म्हणायचे म्हणून.

"ओढ नव्हती त्याला, टॉर्किल. कुणी हात धरून चालावं तसं होतं."

संध्याकाळी त्यांनी उद्यासाठी कढई मागितली. मी नाही म्हणालो. पाणी चढलेले आहे, आणि तो डोह या आठवड्यात कुणालाच द्यायचा नाही असे आम्ही ठरवले आहे. हे आम्ही ठरवले नव्हते. युनाबाईंनी ऐकून घेतले आणि शांतपणे सांगितले की मग त्या एकट्या चालत जातील.

मी लॉजमधून मारसालीला फोन केला. ती म्हणाली की आत्ता निघून आले तरी आई गाडीत बसणार नाही. "तुम्ही तिच्यासोबत राहा. एक क्षण हलू नका. शुक्रवार गेला की झालं."

शुक्रवारी ढग निघून गेले होते. कढई हा डोह लहान आहे, तिन्ही बाजूंनी काळा खडक. धबधब्याचे पाणी एका कडेने पडते आणि डोहात गोल फिरून बाहेर पडते. त्या फिरत्या पाण्याच्या मध्यावर, पाण्याखाली, खडकाचा एक उथळ कडा आहे, तिथून गेडिससाहेब दोर फेकत असत. पाणी उतरलेले असेल तरच तिथे उभे राहता येते, तेही टेकायला सोटा घेऊन. त्या दिवशी पाणी उतरलेले नव्हते.

पाणी ओसरेपर्यंत थांबायचे, या अटीवर मी त्यांना तिथे नेले. त्यांनी अट मान्य केली. त्यांची काठी मी स्वतः तिथल्या लाकडी खोलीच्या मागच्या भिंतीवर खुंट्यांवर ठेवली, माशी काठीच्या कडीत अडकवून. युनाबाई पाण्यासमोरच्या बाकावर बसल्या. आम्ही बोललो ते थोडेच. एकदा त्यांनी विचारले की त्या दिवशी हेक्टर पडला असेल की पाण्याने ओढला असेल. मी म्हणालो, पाय सरकला असेल, एवढेच होते बहुधा. त्यांनी मान हलवली. पायाशी गवत ओले होते, ऊन असून बाकाजवळ गारठा होता. त्यांचे ओठ निळसर दिसू लागले. मी म्हणालो, आत चला, शेगडी पेटवतो. त्या म्हणाल्या, इथेच बरे आहे, चहा मात्र हवा.

खोलीचे दार बाकापासून हाकेच्या अंतरावर आहे. मी आत गेलो, शेगडीत लाकडे घातली, किटली ठेवली. बाहेर आलो तेव्हा बाक रिकामा होता.

त्या पाण्यात होत्या. कड्यावर, कमरेच्या वर पाण्यात. पाठ माझ्याकडे, तोंड धबधब्याकडे. किंचित पुढे झुकलेल्या, मान खाली. डावा हात कोपरापर्यंत पाण्याखाली, आणि अजिबात हलत नव्हत्या.

मी धावलो आणि काठाशी थांबलो.

ती मुद्रा मी हजारदा पाहिली आहे. मासा हातात आहे, मासा सोडत आहेत. ओरडलो असतो तर त्या दचकल्या असत्या आणि त्या पाण्यात पाय सुटायला तेवढे पुरे होते. वरच्या अंगाने उतरलो असतो तर पाणी ढवळले असते. मी उभा राहिलो. कुठल्याही घिलीने हेच केले असते.

धबधब्याचा आवाज एकसारखा येत होता. मागे खोलीत किटली वाजू लागली.

मी बघत होतो. त्यांच्या दोन्ही बाजूंनी पाणी फेसाळत जात होते, कोटाची टोके ताणली जात होती. त्या हलत नव्हत्या.

किटली वाजतच राहिली.

त्यांचा खांदा एकदा थोडा खाली गेला, पुन्हा वर आला. जणू हातातल्या वजनाने श्वास घेतला.

मग किटली वाजायची थांबली. पाणी आटले होते.

युनाबाई सरळ झाल्या. डावा हात हळूच पाण्यातून वर आला, रिकामा. त्या वळल्या आणि चालत काठाला आल्या, लॉजच्या अंगणातून याव्यात तशा. बुटांत पाणी भरलेले होते. मी हात दिला, माझा कोट त्यांच्या अंगावर टाकला.

"बराच वेळ धरून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "मग सोडलं."

मला इतके हायसे वाटले की मी हसलो. मी विचारले की जोरात गेला का. त्या म्हणाल्या, नाही, हळूहळू. मी विचारले की केवढा होता. त्यांनी पाण्याकडे पाहिले.

त्यांना शेगडीसमोर बसवून मी त्यांची काठी आणायला काठावर गेलो. काठी काठावर नव्हती. पाण्यातही नव्हती. मी खोलीला वळसा घालून मागे गेलो.

काठी खुंट्यांवर होती. माशी कडीत होती, मी अडकवली तशी. रिळावरचा दोर कोरडा होता.

मी दारात आलो. त्या बसल्या होत्या, डावा हात मांडीवर, तळवा वर, बाही मनगटाच्या खाली ओढलेली.

"काय धरलं होतं तुम्ही?" मी विचारले.

"मी धरलं होतं असं मी कुठे म्हणाले?"

शेगडीत लाकूड फुटले. काळवंडलेली किटली अजून तिथेच होती. मी ती बाहेर नेऊन ठेवली आणि दुसरी भरली.

शनिवारी त्यांनी कोणताच डोह मागितला नाही. सामान बांधून त्या लॉजच्या पायरीवर बसून होत्या. चेहऱ्यावर रंग होता. डॉक्टर म्हणाले की वर्षभरात प्रथमच युना नीट झोपलेली दिसते. मी सकाळी नदीवर एक फेरी मारली. पाणी निवळले होते. कढई, लांब डोह, पाद्र्याचा, विणकरणीचा, पुलाचा, पाचही पाहिले. मधल्या बैठका सगळ्या भरलेल्या होत्या. मासे ऐसपैस, कुठे दाटी नाही. त्या आठवड्यात प्रथमच.

मारसाली दुपारी आली. गाडीतून उतरताच तिने आईला वरपासून खालपर्यंत पाहिले, मग मिठी मारली.

"हात किती गार आहेत तुझे."

"नदीवरून आले मी," युनाबाई म्हणाल्या.

शुक्रवारचे मी मारसालीला सांगितले नाही. युनाबाईंनीही सांगितले नाही. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "कोरडी परत दिलीत." मी मान डोलावली.

निघताना युनाबाईंनी मला हात पुढे केला, डावा. मी तो घेतला. बाही वर सरकली.

मनगटाच्या आतल्या बाजूला, मासा जिथे धरतात तिथे, कातडी किंचित लाल होती. तिच्यावर चार-पाच समुद्री उवा चिकटलेल्या होत्या. तपकिरी, मसुराएवढ्या. मागे लांब पांढऱ्या शेपट्या, एकही झडलेली नाही. त्यांतली एक मी पाहत असताना अंगठ्याच्या दिशेने थोडी सरकली.

युनाबाईंनी माझ्याकडे पाहिले. मग दुसऱ्या हाताने बाही खाली ओढली आणि कफाचे बटण लावले.

डॉक्टर लॉजच्या दारातून पाइप हलवत ओरडले, "काय टॉर्किल, यंदाही बाटली माझ्याकडेच ना?"

"हो," मी म्हणालो. "यंदाही."

युनाबाई मागच्या सीटवर बसल्या. मी फाटक उघडायला पुढे गेलो आणि मग गाडीला वाट द्यायला पुलाच्या कठड्याशी उभा राहिलो. खाली पाणी स्वच्छ होते. चपट्या दगडामागे मोठा तांबूस नर त्याच्या बैठकीत होता, बाकीचे आजूबाजूला. गाडी माझ्या पाठीमागून सावकाश पुलावर चढली.

खालचे मासे सगळे एकदम दोन्ही बाजूंना सरले, आणि गाडी पलीकडे उतरेपर्यंत मधली जागा त्यांनी मोकळी ठेवली.